वहीतली घार

विमानतळावर चारशे माणसं कामाला होती. विमान सुखरूप उतरताना पाहिलं की त्यातल्या तीनशे नव्व्याण्णवांना बरं वाटायचं. राखणदाराला ती चैन नव्हती, कारण त्याचं लक्ष विमानाकडे नसायचंच, विमानाच्या आजूबाजूला असायचं. धावपट्टीवरची पाखरं हुसकावणं ही त्याची नोकरी. कागदावर हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक होतं की ओळखपत्रावर ते दोन ओळींत बसवावं लागलं होतं. पण पहिल्याच महिन्यात कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "हा तर शेतावरचा राखणदार झाला की," आणि ते नाव जे चिकटलं ते बावीस वर्षं सुटलं नाही. रागावली की बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायची.

काम ऐकायला पोरखेळच. पिवळ्या जीपमधून कुंपणाच्या आतल्या बाजूने फिरायचं, पारव्यांचा थवा कुठे बसलाय, बगळे गवतात कुठे उतरलेत ते बघायचं, भोंगा वाजवायचा, त्यानेही पाखरं हलली नाहीत तर फटाक्याच्या बंदुकीचा एक बार काढायचा. आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं: वेळ, कुंपणाच्या खांबाचा नंबर, पाखरू कोणतं, किती. नव्याने आलेल्या माणसाला याचं हसू यायचं. मग राखणदार त्याला आपल्या खोलीत नेऊन फळीवरचं एक लोखंडी पातं दाखवायचा. ते विमानाच्या इंजिनातलं होतं आणि मधोमध वाकलं होतं. पावशेर वजनाच्या एका पारव्याचा तो प्रताप. एकदा ते हातात घेतलेला माणूस पुन्हा हसत नसे.

पाखरं त्याला शेजाऱ्यांसारखी पाठ होती. कोण कधी येतं, कुठे बसतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं. त्यातही उत्तर टोकाला चौऱ्याऐंशी नंबरच्या खांबावर रोज चारच्या सुमाराला येऊन बसणारी एक घार त्याच्या खास ओळखीची. तिच्या शेपटीतलं एक पीस तुटलेलं होतं, आणि खाली कोण कामचुकारपणा करतंय हे बघत असल्यासारखी ती मान वळवून बसायची. तिला तो मुकादम म्हणायचा. टॉवरवाल्या बाईंनाही मुकादम ठाऊक होता. या बाई टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची परवानगी द्यायच्या. नऊ वर्षं राखणदार त्यांच्याशी वॉकीटॉकीवर दिवसातून वीस वेळा बोलत होता, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाईंचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. तो ठेवण्यासारखाच होता म्हणा, कारण 'दिसलं तेच लिहायचं' हा त्याचा बाणा, आणि बावीस वर्षांत त्याच्या वहीत 'बहुतेक' हा शब्द एकदाही आला नव्हता.

आता आला असता तर बरं झालं असतं. कारण गेलं दीड वर्ष राखणदाराला नीट दिसत नव्हतं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. संध्याकाळी धावपट्टीच्या दिव्यांना दाढ्या फुटायच्या. दूरचं सगळं दुधाच्या काचेतून पाहिल्यासारखं दिसायचं, आणि नजर फिरवली की चार-दोन काळे ठिपके तिच्याबरोबर तरंगत यायचे. आजार कळला नव्हता असं नाही. त्याच्या वडिलांनाही तो झाला होता, अर्ध्या तासाच्या ऑपरेशनने गेलाही होता. राखणदाराला भीती सुरीची नव्हती, कागदाची होती. डोळा अधू असल्याची नोंद झाली की मैदानावरच्या माणसाची बदली गोदामात व्हायची, असा नियम होता. ऑपरेशननंतर परत येता येतं, पण तोवर जीप दुसऱ्याच्या हाती गेलेली असते, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या माणसासाठी ती कोण परत मागून घेणार? गोदाम त्याने पाहिलं होतं. भली मोठी खोली, एक खिडकी नाही. आकाशाचा एवढासा तुकडा दिसत नाही अशा जागी तीन वर्षं काढायची?

म्हणून त्याने झाकली मूठ ठेवली. गेल्या साली डोळे तपासणीला रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहिला. पुढची अकरा माणसं तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होती, तेवढ्यात याने शेवटची ओळ पाठ करून टाकली. डॉक्टर म्हणाले, "या वयात कमाल आहे तुमची." कमाल होतीच, फक्त डोळ्यांची नव्हती.

मैदानावरही तो तेच करत होता. जे दिसत नाही ते आठवणीने भरून काढायचं. साडेसात वाजले, हँगरचं छप्पर, म्हणजे पारवे. पांढरं काही गवतात हललं म्हणजे बगळे. टिटवी तर आवाजानेच कळते. आणि खरं सांगायचं तर काम चाललं होतं. दीड वर्षात एकही चूक उघडी पडली नाही, हेच वाईट झालं.

घरात फक्त बायकोला ठाऊक होतं. तिला त्याने सांगितलं नव्हतं, तीही कधी बोलली नव्हती. पण वर्षभरापूर्वी त्याने चहाचा कप टेबलाच्या कडेच्या बाहेर, रिकाम्या हवेत ठेवला. त्या दिवसापासून ती कप टेबलावर ठेवत नसे. त्याच्या बोटांना लावायची, त्याने धरला की मगच सोडायची.

तर त्या बुधवारची गोष्ट. दक्षिणेकडचं गवत कापायचा दिवस होता. गवत कापलं की उंदीर उघडे पडतात आणि खाणारे गोळा होतात, त्यामुळे दुपारभर राखणदार तिकडेच होता. चार दहाला तो अकरा नंबरच्या खांबाजवळून गेला. वर मुकादम बसला होता, एवढ्या जवळ की तुटकं पीससुद्धा दिसलं. उंदरांचा वास लागला वाटतं, असं पुटपुटत त्याने वहीत लिहिलं आणि जीप पुढे काढली.

दोन मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरली.

"राखणदार, आत्ता उतरलेल्या विमानाचा पायलट म्हणतोय, उत्तर टोकाला डाव्या पंखाजवळून काहीतरी करडं गेलं. पन्नास मीटरही अंतर नव्हतं म्हणतो. तुम्ही पाहिलंत का?"

राखणदाराने मान वर करून दुर्बीण डोळ्यांना लावली. तीन किलोमीटरवर, कुंपणाच्या वर, एक करडा डाग आडवा सरकत होता. चार वाजून गेले होते, उत्तर टोक होतं आणि रंग करडा होता.

"घार आहे बाई. आपला मुकादम."

"नक्की?"

"नक्की."

त्या एका शब्दाने प्रकरण मिटलं. राखणदार 'पाखरू' म्हणाला की एक फॉर्म भरायचा आणि काम पुढे. 'ड्रोन' म्हणाला की धावपट्टी बंद, येणारी विमानं हवेतच थांबवायची, पोलीस, आसपासच्या इमारतींची झडती. माणसाच्या तोंडून कोणता शब्द बाहेर पडतो त्यावर एवढं सगळं टांगलेलं होतं, आणि राखणदाराच्या तोंडून सवयीचा शब्द पडला. संध्याकाळी त्याने वहीतही तो उतरवला: ४:१२, खांब ८४, घार, एक. लिहिलं हाताने. डोकं तेव्हा घरी जायच्या गडबडीत होतं.

गुरुवारी आठवड्याचा गोषवारा काढायचा असतो. पावणेतीनला राखणदार चष्मा चढवून आपल्या खोलीत बसला आणि ओळी मोजू लागला. जवळचं त्याला अजून वाचता येत होतं. बुधवारच्या पानावर त्याचं बोट थांबलं.

४:१०, खांब ११, घार, एक, मुकादम. खाली लागूनच ४:१२, खांब ८४, घार, एक.

त्याने पुन्हा वाचलं. तीन किलोमीटर दोन मिनिटांत कोणती घार जाते? घार काय एकच असते का, दुसरी असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण मुकादम आपल्या हद्दीत दुसऱ्या घारीला टेकू देत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि एकदा पाणी मुरतंय म्हटलं की सगळीकडे ओल दिसायला लागते. काल वारा नव्हता, वाऱ्याची नारिंगी पिशवी काठीला लोंबून पडली होती. घार वळताना एका अंगावर कलते, शेपूट मुरडते. तो डाग कलला नव्हता. सरळ आडवा सरकला होता, कपाटाचा खण सरकवावा तसा. पाखरू असं सरकत नाही. हे त्याला कालही कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं, आत कुठेतरी.

त्याने साहेबांना, म्हणजे सुरक्षा विभागाच्या प्रमुखांना, फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते, पाचपर्यंत बाहेर येणार नव्हते. बाईंना सांगावं, तर बाई पहिला प्रश्न विचारणार: काल नक्की म्हणालात ना? मग? मग काय सांगायचं? शेवटी त्याने घरी फोन केला.

"अगं, काल मी घार लिहिली."

"बरं मग?"

"ती घार नव्हती. ड्रोन होता. विमानाला चाटून गेला."

ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग सांगून टाका त्या बाईंना. आत्ताच्या आत्ता."

"सांगितलं की डोळे तपासतील. सगळंच बाहेर येईल. आणि आज तो परत येईलच असं थोडंच आहे?"

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो. काल काही झालं नाही म्हणूनच उडवणारा आज तो आणखी जवळ आणेल."

"आधी मी जाऊन बघतो. दिसला तर लगेच सांगतो."

"काय बघणार तुम्ही? आणि कशाने?"

राखणदार 'ठेवतो' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तिचं बरोबर होतं हे त्याला कळत होतं. पण आज दिसला, आज वेळेत सांगितला, तर कालचं काढायला कोणी येणार नाही, ही आशा माणसाला सुटत नाही. पिकलेल्या केसांनाही ती सुटत नाही, असं दिसतं.

तीन चाळीसला त्याने जीप चौऱ्याऐंशी नंबरच्या खांबाखाली आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं. कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे चार-पाच उंच इमारती, त्यातली एक अजून अर्धवट. इकडे गुडघाभर गवत आणि मध्ये खडीचा एक पट्टा, त्यावर टिटव्यांची घरटी. गळ्यात दुर्बीण होती. त्याने ती डोळ्यांना लावून पाहिली. धूसर होतं ते मोठं झालं आणि मोठं होऊन धूसरच राहिलं. त्याने दुर्बीण सीटवर टाकली.

तीन पन्नासला एक विमान उतरलं. तीन अठ्ठावन्नला आणखी एक. काही झालं नाही. मुकादम आज आपल्या खांबावर वेळेवर आला आणि मान वळवून त्याच्याकडे बघत बसला. राखणदाराला जरा धीर आला. नसेलच येत, म्हणून तो पाण्याच्या बाटलीकडे वळला.

तेवढ्यात मुकादम उडाला. आणि टिटव्या गप्प झाल्या.

टिटवी म्हणजे आरडाओरड्याची खाण. घार आली की सगळ्या वर उठून तिच्या मागे लागतात. बहिरी ससाणा आला की गवतात दबून बसतात. माणूस आला तर विचारूच नका. बावीस वर्षांत राखणदाराने त्यांच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. ही पाहिली नव्हती. त्या खडीवर उघड्यावर उभ्या होत्या, ना उडत होत्या ना ओरडत होत्या, नुसत्या माना तिरप्या करून एका डोळ्याने वर बघत होत्या. जवळच्या दोन त्याला स्पष्ट दिसत होत्या. हे काय आहे ते त्यांना कळत नव्हतं.

मग त्यालाही ऐकू आलं. बाटलीत माशी अडकावी तसा बारीक, एकसुरी आवाज. डोक्यावर, थोडा उजवीकडे.

त्याने वर पाहिलं. पांढुरक्या आभाळात एक काळा ठिपका होता. त्याने नजर डावीकडे नेली, ठिपकाही डावीकडे आला. म्हणजे हा डोळ्यातला. मग दुसरा? दुसराही आला. तिसरा आला की जागेवरच राहिला? त्याने उजवा डोळा मिटून पाहिलं, डावा मिटून पाहिलं. आभाळभर ठिपके होते, आणि त्यातला खरा कोणता हे त्याला सांगता येईना. जन्मभर ज्या डोळ्यांची भाकरी खाल्ली तेच ऐन वेळी हात वर करून उभे राहिले.

वॉकीटॉकीवर बाईंचा आवाज आला. त्या कुणा पायलटला उतरायची परवानगी देत होत्या. उत्तरेकडे, इमारतींच्या वर, विमानाचे दिवे लागलेले दिसले. दिव्यांना दाढ्या होत्या, पण होते ते दिवेच. एकशे बासष्ट माणसं, हा आकडा नंतर कळला. त्या क्षणी राखणदाराला एवढंच कळत होतं की ते विमान दीड मिनिटात या खांबावरून जाणार, आणि आवाज अजून तिथेच आहे.

सांगितलं आणि वर काहीच नसलं, तर? विमानतळ बंद पाडला म्हणतील. काय पाहिलंस विचारतील. आणि नाही सांगितलं तर?

त्याने बटण दाबलं. "टॉवर, उत्तर टोक. ड्रोन आहे. विमान वर पाठवा."

"दिसतोय तुम्हाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"ऐकू येतोय," तो म्हणाला.

आता बाईंची पाळी होती. बावीस वर्षं दिसलं तेच सांगणारा माणूस आज ऐकलेलं सांगतोय, आणि विमान समोर आलंय. त्यांनी एकच श्वास घेतला. वॉकीटॉकीवर तो ऐकू आला. मग त्या पायलटशी बोलल्या, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून.

चाकं खाली सोडलेलं ते धूड इमारतींच्या पलीकडून येतच राहिलं. ऐकलं नाही की काय, असं वाटेपर्यंत येत राहिलं. मग त्याचं नाक वर झालं, इंजिनं गरजली, जीपच्या काचा थरथरल्या आणि त्याचं पांढरं पोट राखणदाराच्या डोक्यावरून वर चढत गेलं. मागून वाऱ्याचा असा झोत आला की गवत भुईसपाट झालं आणि त्याची टोपी कुठल्या कुठे उडाली. आवाज विरला तेव्हा माशीचा आवाजही नव्हता.

धावपट्टी बंद झाली. दोन विमानं हवेत घिरट्या घालत राहिली. इंधन कमी असलेलं तिसरं दुसऱ्या गावाच्या विमानतळावर पाठवावं लागलं. सुरक्षावाल्यांची गाडी आली, चार जवान दुर्बिणी लावून उभे राहिले.

"कुठे पाहिलात?"

"वरच होता. आवाज येत होता."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. आभाळ रिकामं होतं. वॉकीटॉकीवर बाई म्हणाल्या, "राखणदार, पायलट म्हणतोय त्याला काही दिसलं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला एवढं लागलं नसतं. आपण पेन्शनीला आलेला आंधळा, भुतं ऐकून विमानतळ बंद पाडणारा, असं त्याच्या मनात आलं. तो जीपच्या पायरीवर बसला.

तिथे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की टिटव्या ओरडतायत.

गाडी आल्यापासून ओरडत असतीलच. पण माणसांवर ओरडतात तशा नव्हे. माणसांवर त्या डोक्यावर झेपा घालत येतात. या सगळ्या जीपकडे पाठ करून, गवतातल्या एकाच जागेवर घिरट्या घालत कलकलाट करत होत्या. खडीच्या पट्ट्यापासून साठ-सत्तर पावलांवर. राखणदार उठला आणि त्या आवाजाच्या रोखाने गवतात शिरला. जवान मागून काहीतरी म्हणाले, त्याने ऐकलं नाही. कलकलाट सगळ्यात जास्त होता तिथे तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी गवत बाजूला करू लागला. बोटांना गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. चार हातांचं, परातीएवढं, करडं. एक पंखा मोडलेला होता, दुसरा अजून अधूनमधून झटके देत होता. विमानाच्या झोताने त्याला खाली आपटलं होतं.

साहेब मीटिंग सोडून धावत आले तेव्हा ड्रोन राखणदाराच्या खोलीत, वाकलेल्या पात्याशेजारी टेबलावर ठेवला होता. मालकाने त्याच्या पोटावर आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवला होता, हरवला तर परत मिळावा म्हणून. साहेबांनी तिथूनच फोन स्पीकरवर लावला. त्या अर्धवट इमारतीतली घरं विकणारा गृहस्थ होता. गच्चीवरून काय काय दिसतं त्याचं चित्रण करत होता.

"अहो, विमानं वरून जातात, आपलं खालून चाललेलं असतं," तो फोनवर म्हणत होता. "मध्ये भरपूर जागा असते."

"काल उडवला होता?"

"छे, छे. आज पहिल्यांदाच."

साहेबांनी फोन ठेवला आणि राखणदाराच्या पाठीवर थाप मारली. "एकशे बासष्ट माणसं होती आत. काय नजर आहे हो तुमची! या वयात! मी वर लिहिणार आहे, तुमचं नाव घालून." दारात एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई येऊन उभी होती. त्यांनी "राखणदार?" एवढंच विचारलं आणि आवाजावरून त्याला कळलं की या टॉवरवाल्या बाई. चेहरा त्याला नीट दिसला नाही.

साहेबांनी वही पुढे ओढली आणि बुधवारचं पान काढलं. "म्हणजे कालच्याचा याच्याशी संबंध नाही. काल घार होती ना तुमची? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणायची."

सगळं आयतं ताटात वाढून ठेवलेलं होतं. हो म्हणायचं. जीप राहिली असती, आभाळ राहिलं असतं, वर साहेबांचं पत्रही मिळालं असतं. गोदाम राहिलं असतं लांब. राखणदाराला ते सगळं हवं होतं, मनापासून हवं होतं. पण तो फोनवरचा माणूस 'आज पहिल्यांदाच' म्हणाला होता, आणि आता त्याचं खोटं राखणदाराच्या घारीच्या पंखाखाली सुखाने बसणार होतं. दोन दिवसांनी तो दुसरा ड्रोन घेणार. आणि त्या दिवशी टिटव्या खडीवर असतीलच असं कोणी सांगावं?

"घार नव्हती, साहेब," तो म्हणाला.

"मग?"

"काल मला काही दिसलंच नव्हतं. डाग दिसला, मी घार म्हणालो. मुकादम त्या वेळी अकरा नंबरवर होता, वरच्या ओळीत मीच लिहिलंय. आजही मला काही दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तपासणीला मी तक्ता पाठ करून वाचला होता."

बाईंनी विचारलं, "मग आज एवढ्या खात्रीने कशावरून सांगितलंत?"

"टिटव्या गप्प बसल्या म्हणून."

त्याने वही आपल्याकडे ओढून घेतली, डोळे अगदी कागदाला लावले, चार बाराच्या ओळीतल्या 'घार, एक' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: दिसलं नाही. खाली सही केली. अक्षर वाचण्याजोगं आलं.

साहेबांच्या तोंडावर राग होता की आणखी काही, त्याला कळलं नाही. ते म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे," आणि जीपच्या किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. बाकी त्यांना अजून पुरतं पटलेलं नव्हतं. एवढ्या गवतातून परातीएवढी वस्तू शोधून काढणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे कसं पटावं?

राखणदाराने खिशातून किल्ली काढली, साहेबांच्या हातावर ठेवायला पुढे केली आणि सोडली. ती हातापासून चार बोटं अलीकडे, थेट फरशीवर पडली.

साहेबच वाकले आणि त्यांनी ती उचलली.

"माफ करा," राखणदार म्हणाला. "घरी बायको हाताला हात लावून देते, म्हणून चाललं होतं इतके दिवस."